नदी हलली, मैदान हललं नाही



या सदरात आपण दर खेपेला आपल्या राहत्या मुलखातली एखादी जागा घेतो आणि तिची कुळकथा बघतो. या वेळी अगदी गावाच्या मधोमध असलेली जागा घेतली आहे: कार्डिफ आर्म्स पार्क. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की चार पांढरे खांब आभाळात तिरके घुसलेले दिसतात. ते नव्या स्टेडियमचे. त्याच्या पाठीला पाठ लावून रग्बीचं एक लहानसं, जुन्या वळणाचं मैदान आहे. ही दोन्ही मिळून जी जमीन होते, ती आर्म्स पार्कची. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा तिच्याशी संबंध येतो तो मॅचच्या दिवशी रस्ते बंद झाले की. पण त्या जमिनीत आपल्यालाही ऊर भरून यावा असं काही पुरलेलं आहे. ते ओघात येईलच.

आधी नावाचा उलगडा करू. आर्म्स म्हणजे हत्यारं नव्हेत आणि हातही नव्हेत. इथल्या जुन्या खानावळींच्या दारावर कुणा घराण्याचं किंवा गावाचं कुलचिन्ह टांगलेलं असे, आणि त्यावरून त्यांना अमुक आर्म्स, तमुक आर्म्स अशी नावं पडत. कार्डिफच्या किल्ल्याजवळ घोडागाड्या थांबण्याचं असंच एक हॉटेल होतं, कार्डिफ आर्म्स. त्याच्या मागची मोकळी जमीन ती आर्म्स पार्क. ते हॉटेल १८७८ साली पाडलं. म्हणजे मूळ वास्तू जाऊन दीडशे वर्षं होत आली, पण मागच्या परसानं नाव धरून ठेवलं. आपल्याकडे पुण्यात वाडा पडतो, अपार्टमेंट उभं राहतं आणि फाटकावर नाव तेवढं वाड्याचं राहतं. तोच प्रकार.

ही जमीन तशी कुणी हौसेनं घ्यावी अशी नव्हती. टॅफ नदी तेव्हा आजच्यापेक्षा गावाला बरीच बिलगून वाहत होती. आज जिथे वेस्टगेट स्ट्रीट आहे, साधारण त्या बाजूनं तिचं पात्र जाई. जवळच्या एका गल्लीचं नाव आजही की स्ट्रीट आहे. ही 'की' कुलपाची नव्हे, धक्क्याची. गलबतं तिथे लागत. नदीकाठची जमीन म्हटल्यावर पाऊस झाला की चिखल आणि पूर आला की तळं. १८०१ साली सगळ्या कार्डिफची वस्ती दोन हजारांच्या आत होती, तेव्हा त्या दलदलीकडे कोण बघणार?

मग रेल्वे आली. इझंबार्ड किंगडम ब्रुनेल हे नाव आपल्या मुलांना शाळेत घोकावं लागतं. त्यांना साउथ वेल्स रेल्वेचं स्टेशन बांधायला कोरडी, पुराची भीती नसलेली जागा हवी होती. नदी आड येत होती. आपण अशा वेळी स्टेशन हलवलं असतं. ब्रुनेल यांनी नदी हलवली! १८४९ ते १८५३ या काळात टॅफचं पात्र पश्चिमेकडे सरकवलं गेलं. स्टेशनाला जागा मिळाली, आणि किल्ल्याच्या दक्षिणेला मोठा सपाट तुकडाही मोकळा झाला. ज्या मैदानाला वेल्समधले लोक काळजाचा तुकडा मानतात, ते असं आगगाडीच्या सोयीतून निघालेलं आहे.

जमीन होती ब्यूट घराण्याची. गोदी त्यांची, किल्ला त्यांचा, आसपासची कोळशाची जमीनही पुष्कळ त्यांची. कार्डिफ तेव्हा कोळशावर फुगत होतं आणि गावाच्या मध्यावर असलेल्या या जमिनीवर चाळी नाहीतर वखारी उठवून पैसा करणं सहज शक्य होतं. तिसऱ्या मार्क्विसनं तसं केलं नाही. ही जमीन खेळासाठी आणि करमणुकीसाठीच वापरावी, अशी अट त्यांनी घातली. आमच्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा खेळाडू ही अट आहे. तिनं कधी गोल केला नाही, ट्राय केला नाही, पण दीडशे वर्षं ती मैदानावरून बाहेर गेली नाही.

सुरुवातीला इथे क्रिकेटच होतं. रग्बी नंतर आलं. ज्यांना या खेळाचं अजून कोडं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी: पंधरा गडी, लंबगोल चेंडू, आणि हातानं चेंडू द्यायचा तर तो मागेच द्यायचा, पुढे नाही. चेंडू घेऊन स्वतः पुढे धावायचं आणि समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवायचा. तो ट्राय. आपल्या कबड्डीत जसं गड्याला चौघे मिळून लोळवतात, तसं इथेही लोळवतात, फक्त मान्सूनच्या चिखलात.

कार्डिफचा रग्बी क्लब १८७६ साली निघाला. जमिनीच्या उत्तर भागात क्रिकेट आणि दक्षिण भागात रग्बी अशी वाटणी झाली. दोघा भावांनी मधे दोरी लावून शेत वाटून घ्यावं तशी. १८८१-८२ च्या सुमारास प्रेक्षकांसाठी पहिला स्टँड उभा राहिला: तीनशे माणसं बसतील एवढा, खर्च पन्नास पौंड. १२ एप्रिल १८८४ रोजी वेल्स विरुद्ध आयर्लंड हा इथला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. पाच हजार लोक आले आणि वेल्स जिंकलं.

पण हे मैदान खऱ्या अर्थानं गावाचं झालं ते १९०५ साली. त्या वर्षी ऑक्टोबरात कार्डिफला शहराचा दर्जा मिळाला, आणि १६ डिसेंबरला न्यूझीलंडचा संघ इथे उतरला. तोवर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड अशा सगळ्यांना लोळवून तो आला होता. सामन्याआधी त्यांनी आपला हाका नाच केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गननं 'हेन व्लाद फी न्हादाई' हे वेल्श राष्ट्रगीत सुरू केलं आणि सत्तेचाळीस हजारांचा जमाव त्याच्या मागून गाऊ लागला. खेळाच्या मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची चाल इथूनच पडली असं मानतात. वेल्स ३-० असं जिंकलं. ट्रायला तेव्हा तीनच गुण असत, आणि तो एकमेव ट्रायही टेडी मॉर्गनचाच. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा चेंडू रेषेला टेकला होता की नाही, यावर इथले आणि तिथले लोक अजून भांडतात. पानिपत अमक्यानं तमकं केलं असतं तर, या आपल्या वादाइतकाच तो वाद अमर आहे.

१९२२ साली ब्यूट घराण्यानं जमीन विकली. तीस हजार पौंडांना ती घेण्यासाठी खास कंपनी काढली गेली आणि तिनं ती कार्डिफ अ‍ॅथलेटिक क्लबला, म्हणजे क्रिकेट आणि रग्बी अशा दोघांच्या एकत्र संस्थेला, नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं दिली. भाडं वर्षाला दोनशे पौंड. पुढे कुत्र्यांच्या शर्यतीही सुरू झाल्या आणि १९२७ पासून पन्नास वर्षं चालल्या. उत्तरेला १९३४ साली मोठा स्टँड झाला. जानेवारी १९४१ मध्ये जर्मन विमानांनी कार्डिफवर बाँब टाकले तेव्हा त्याचं नुकसान झालं. युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभा केला. एक पाडायचं, एक उभारायचं, हे तिथे सतत चालू.

आता आम्ही सुरुवातीला म्हटलं ते येतं.

१९५५ साली कार्डिफ वेल्सची राजधानी झालं आणि १९५८ च्या जुलैत ब्रिटिश एम्पायर आणि कॉमनवेल्थ खेळ इथे भरले. धावण्याच्या शर्यती होत्या आर्म्स पार्कवर. भारताच्या संघात लष्करातला एक शीख जवान होता. फाळणीच्या दंगलीत आईवडील गमावून पोरकेपणी दिल्लीला येऊन पोचलेला, निर्वासितांच्या छावणीत राहिलेला. नाव मिल्खा सिंग. दोनच महिन्यांपूर्वी टोकियोच्या एशियाडमध्ये त्यानं दोन सुवर्णपदकं घेतली होती, पण ती आशियातली. इथे समोर होता दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स, ज्याच्या देशानं संपूर्ण गोरा संघच पाठवला होता, काळ्या माणसाला त्यात जागा नव्हती.

२४ जुलै. ४४० यार्ड. मिल्खा सिंग सुरुवातीपासूनच जीव तोडून पळाला. बरोबर आलेले अमेरिकन प्रशिक्षक डॉ. आर्थर हॉवर्ड यांचा सल्लाच तसा होता: स्पेन्स शेवटासाठी दम राखून ठेवतो, तू राखू नकोस. शेवटच्या टप्प्यात स्पेन्स जवळ जवळ आला, पण उशीर झाला होता. ४६.६ सेकंद. कॉमनवेल्थ खेळांत धावण्या-उड्यांच्या मैदानावर स्वतंत्र भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्णपदक. पुढचं वैयक्तिक सुवर्ण यायला बावन्न वर्षं लागली. २०१० साली दिल्लीत कृष्णा पुनियानं थाळीफेकीत ते मिळवलं.

त्या दिवशी स्टेडियमवर भारताच्या हाय कमिशनर विजयालक्ष्मी पंडित हजर होत्या. नेहरूंची बहीण म्हणून त्यांना सगळे ओळखतात. आपण हेही लक्षात ठेवावं की राजकोटच्या मराठी पंडित घराण्याच्या त्या सून. त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि पंतप्रधानांकडून काय हवं म्हणून विचारलं. जमीन, घर, पैसा, काहीही मागता आलं असतं. मिल्खा सिंग पुढे आयुष्यभर सांगत की आपल्याला काही सुचेना, म्हणून देशाला एक दिवसाची सुट्टी मागितली. आणि ती मिळाली!

२०२१ साली ते गेले. ती शर्यत जिथे संपली ती रेघ आता सापडायची नाही, कारण त्या जागेवर दोनदा स्टेडियम बांधून झालं. पण त्याच जमिनीवर, टॅफच्या काठी, एका निर्वासित पोरानं आपला झेंडा वर चढवला होता, हे आपल्या मुलांना माहीत असावं. बसमधून जाताना बोट दाखवून सांगण्याइतकी जवळची ती जागा आहे. त्याच खेळांच्या समारोपाला राणीचा निरोप ध्वनिमुद्रित करून लावला गेला: राजपुत्र चार्ल्सला आपण प्रिन्स ऑफ वेल्स करत आहोत. हेही नोंदवून ठेवा, पुढे लागणार आहे.

साठच्या दशकात मैदानाचा चिखल असह्य झाला. एकाच मैदानावर क्लबचेही सामने आणि देशाचेही, वर नदीचा शेजार. गवत टिकायचं कसं? शेवटी तोडगा निघाला. दक्षिणेकडच्या भागाची मालकी वेल्श रग्बी युनियनला मिळाली; तिथे राष्ट्रीय स्टेडियम व्हायचं. क्लबनं उत्तरेला, क्रिकेटच्या जागेवर सरकायचं. आणि क्रिकेटनं? क्रिकेटनं गाशा गुंडाळायचा. १९६६ चा हंगाम हा ग्लॅमॉर्गनचा आर्म्स पार्कवरचा शेवटचा. १९६७ पासून ते नदीच्या कडेनं थोडं वर, सोफिया गार्डन्सला गेले. आपला रवी शास्त्री १९८७ ते १९९१ ग्लॅमॉर्गनकडून खेळला तो त्या नव्या घरचा. २०१३ च्या चँपियन्स ट्रॉफीत रोहित शर्मा आणि शिखर धवन ही जोडी पहिल्यांदा सलामीला उतरली तीही तिथेच. तेव्हा क्रिकेटवाल्यांनी फार हळहळू नये. वाटणीत कमी आलेल्या भावानं दुसरीकडे चांगला संसार थाटला.

राष्ट्रीय स्टेडियम टप्प्याटप्प्यानं उभं राहिलं आणि १९८४ साली पुरं झालं. पण त्याची कीर्ती त्याआधीच झाली होती. २७ जानेवारी १९७३ रोजी बार्बेरियन्स आणि न्यूझीलंड यांच्या सामन्यात फिल बेनेटनं स्वतःच्या रेषेजवळून चकवे देत सुरुवात केली, चेंडू हातोहात गेला आणि गॅरेथ एडवर्ड्सनं दुसऱ्या टोकाला नेऊन टेकवला. शेजारच्या वेल्श आजोबांपुढे या ट्रायचा विषय काढून बघा. चहा थंड होईल पण गोष्ट संपणार नाही. १९९१ च्या विश्वचषकात मात्र इथेच वेस्टर्न सामोआनं वेल्सला १६-१३ हरवलं. त्यावर इथलेच लोक म्हणत, बरं झालं, नुसतं पश्चिम सामोआच आलं होतं, सगळं आलं असतं तर काय झालं असतं! स्वतःवर हसण्याची ही कला आपण घ्यावी.

तेरा वर्षांत ते स्टेडियमही कमी पडू लागलं. उभ्यानं बघणाऱ्यांची जागा सुरक्षिततेच्या नव्या नियमांनी घटवली, आणि १९९९ चा विश्वचषक वेल्समध्ये भरायचा होता. १९९७ साली स्टेडियम पाडायला घेतलं. नवं मिलेनियम स्टेडियम जवळजवळ साडेचौऱ्याहत्तर हजार माणसांचं, उघडझाप करणाऱ्या छपराचं. खर्च बारा कोटी दहा लाख पौंड, त्यातले चार कोटी साठ लाख लॉटरीच्या पैशातून. मैदानाची दिशासुद्धा काटकोनात फिरवली: आधी पूर्व-पश्चिम होतं ते उत्तर-दक्षिण केलं. १९५८ साठी बांधलेला पोहण्याचा एम्पायर पूलही जागेसाठी पाडला. जून १९९९ मध्ये पहिला सामना झाला आणि वेल्सनं दक्षिण आफ्रिकेला प्रथमच हरवलं.

आणि इथे आमची आवडती गोष्ट येते. एवढं मोठं काम, विश्वचषकाची तारीख डोक्यावर, आणि उत्तरेच्या बाजूला मधे आली एक भिंत. स्टेडियमचा उत्तर स्टँड आणि क्लबच्या लहान मैदानाचा दक्षिण स्टँड पाठीला पाठ लावून उभे. नवा स्टँड पुरा वर न्यायचा तर शेजाऱ्यानं हलायला हवं. युनियननं क्लबशी बोलणी केली: तुम्ही दुसरीकडे जाता का? बोलणी फिसकटली. नव्या उत्तर स्टँडसाठी जादा पैसाही मिळाला नाही. शेवटी कोट्यवधी पौंडांचं ते स्टेडियम एका बाजूनं तुटकं ठेवून पुरं केलं. आत जाऊन बघा: तीन बाजूंना प्रेक्षकांचे मजले उंच चढत जातात आणि उत्तरेला अचानक ठेंगणे होतात. तिथे अजून जुन्या राष्ट्रीय स्टेडियमचं काँक्रीट आहे. युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष ग्लॅनमॉर ग्रिफिथ्स यांच्या नावावरून लोक त्या खिंडाराला 'ग्लॅनमॉर्स गॅप' म्हणतात. सामाईक भिंतीचा असा मोठा तंटा कोकणातल्या भाऊबंदांनीही पाहिला नसेल.

या भिंतीकडे हट्ट म्हणून बघता येतं. आम्हाला ते तेवढंच वाटत नाही. आपण घरदार सोडून आलेली माणसं. चांगल्या नोकरीसाठी, मुलांसाठी, कारणं सगळी रास्त. पण म्हणूनच, एवढा पैसा समोर असताना जागा न सोडणाऱ्यांबद्दल आपल्याला थोडं कौतुक आणि थोडी हुरहुर वाटते. तरी तेही एकदा गेलेच होते. २००९ साली कार्डिफचा व्यावसायिक संघ शहराच्या पश्चिमेला नव्या कोऱ्या फुटबॉल स्टेडियमवर खेळायला गेला. खुर्च्या चांगल्या, जागा मोठी, पण माणसं जमेनात. मोठ्या मांडवात चार डोकी बसावी तसं दिसे. २०१२ साली ते मुकाट्यानं जुन्या घरी परत आले.

मोठ्या स्टेडियमचं नाव २०१६ साली एका बिल्डिंग सोसायटीवरून प्रिन्सिपॅलिटी झालं. २०२० च्या वसंतात करोनाच्या दिवसांत त्याच मैदानावर गाद्या-पडदे लागले आणि दोन हजार खाटांचं हॉस्पिटल काही आठवड्यांत उभं राहिलं. नाव ठेवलं ड्रॅगन्स हार्ट, ड्रॅगनचं काळीज. एप्रिलमध्ये चित्रफितीवरून त्याचं उद्घाटन केलं प्रिन्स ऑफ वेल्स चार्ल्स यांनी. ज्यांची ती पदवी बासष्ट वर्षांपूर्वी याच जमिनीवर जाहीर झाली होती. सुदैवानं त्यातल्या फार थोड्या खाटा वापराव्या लागल्या. त्या महिन्यांत आपल्यातल्या किती डॉक्टर-नर्स मंडळींची घरं कशी चालली, हे इथे सांगायची गरज नाही.

एप्रिल २०२५ मध्ये लहान मैदानावरचा तो व्यावसायिक संघ पैशाच्या अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेला, आणि त्याला उचलून धरलं ते वेल्श रग्बी युनियननं. ज्या घराशी भिंतीवरून वाद झाला, त्याच घरानं वेळेला गाडा ओढला. भाऊबंदकी ही अशीच असते.

हॉटेल गेलं, नदी गेली, क्रिकेट गेलं, कुत्रे गेले, दोन पिढ्यांचे स्टँड गेले. टिकली ती खेळासाठी राखलेली जमीन, एका कागदावरच्या अटीमुळे आणि काही चिवट माणसांमुळे. आपलं मंडळही पुढेमागे स्वतःच्या जागेचा विचार करील. तेव्हा हॉल केवढा, स्टेज केवढं यावर वाद घालण्याआधी ती जागा कशासाठी, हे कागदावर नीट लिहून घ्यावं, एवढं आमचं सुचवणं.

ज्यांना बघायचं आहे त्यांनी मॅच नसलेल्या दिवशी जावं. वेस्टगेट स्ट्रीटवरून चालताना आपण जुन्या नदीवरून चालतो आहोत हे मुलांना सांगावं. मोठं स्टेडियम आतून दाखवण्याची सोय आहे. गेलात की उत्तरेकडची ती ठेंगणी बाजू जरूर बघा. डबा आणि छत्री दोन्ही बरोबर असू द्या.

पुढच्या अंकात शेजारच्याच गोदीची हकीगत. कळावे, लोभ असावा.